पास म्हणजे सीट नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून चौघं निघणार. तुम्ही, यजमान, ९ वर्षांची मुलगी आणि ६४ वर्षांच्या सासूबाई. १४ ते २९ मे, म्हणजे १५ रात्री. पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग आणि शेवटी ट्युलिप बघायला अ‍ॅमस्टरडॅम. जर्मनीत नोकरी करणारा तुमचा भाऊ मधे कुठेतरी येऊन मिळणार. सगळा प्रवास रेल्वेने करायचाय, आणि एकजण म्हणतो युरेल पास आजच सेलमध्ये घेऊन टाका. घ्यावा का?

आज घेऊ नका. कदाचित नंतर घ्यावा लागेल. तो दिवस कधी येईल ते तुमच्या व्हिसावर अवलंबून आहे. गेली सतरा वर्षं लोकांच्या अशा सहली आखून देतोय, आणि पासवर झालेलं बहुतेक नुकसान मी याच एका घाईतून झालेलं पाहिलंय.

आधी पास म्हणजे काय ते. पुणे-मुंबई अप-डाऊन केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. खिशात मासिक पास असला म्हणजे गाडीत चढायचा हक्क असतो, बसायचा नसतो. डेक्कन क्वीनला पासधारकांचा डबा वेगळा आहे तो उगाच नाही. युरेलचं तसंच आहे. ३३ देशांच्या रेल्वे मिळून हा पास चालवतात. १९५९ साली तो युरोपबाहेरच्या पर्यटकांसाठी निघाला. आज तो मोबाइलवर असतो आणि दोन प्रकारांत मिळतो. एक सलग (१५ दिवस, २२ दिवस, १ ते ३ महिने) आणि एक मोजक्या दिवसांचा, म्हणजे महिन्याभरात कुठलेही ४, ५ किंवा ७ दिवस, किंवा दोन महिन्यांत १० किंवा १५ दिवस. तुमच्यासारख्यांना दुसराच प्रकार बघायचा. सलग पास म्हणजे पॅरिसमध्ये आयफेल टॉवरच्या रांगेत उभं असतानाही रेल्वेचे पैसे भरत राहणं.

आता सीटचं. युरोपचे या बाबतीत दोन भाग पडतात, आणि नकाशावर ते चटकन दिसतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलंड्स, चेकिया इथल्या बहुतेक दिवसाच्या गाड्यांत पास दाखवा आणि बसा. आरक्षण ऐच्छिक, हवंच असेल तर थोडक्या युरोंत होतं. फ्रान्सची टीजीव्ही, स्पेनची एव्हीई, इटलीची फ्रेच्चारोसा या वेगवान गाड्या, लंडनला जाणारी युरोस्टार आणि जवळजवळ सगळ्या रात्रीच्या गाड्या यांत मात्र पास असला तरी आरक्षण सक्तीचं, आणि त्याचे पैसे वेगळे. फ्रान्स-इटलीत साधारण दहा ते वीस युरो, युरोस्टारला तीसच्या आसपास, माणशी, दर गाडीला. मुलीचा पास फुकट आहे (४ ते ११ वर्षांचं मूल मोठ्या माणसाच्या पासवर विनामूल्य जातं), पण तिच्या सीटच्या आरक्षणाचे पैसे लागतातच. हे लोक विसरतात.

यातली खरी मेख पैशांची नाहीच. फ्रान्समधून बाहेर जाणाऱ्या वेगवान गाड्यांत आणि युरोस्टारमध्ये पासधारकांसाठी ठरावीकच जागा असतात. त्या संपल्या की गाडी अर्धी रिकामी असली तरी तुम्हाला पूर्ण तिकीट काढावं लागतं. आपल्याकडे निदान वेटिंग लिस्ट असते, आरएसी असतं, तत्काळ असतं, कुणाच्या तरी ओळखीने कोटा असतो. तिकडे यातलं काही नाही. एक कुटुंब माझ्याकडे आलं ते पास हातात घेऊनच. जूनमधल्या शनिवारी पॅरिसहून मिलानला जायचं होतं आणि पासधारकांच्या जागा केव्हाच संपल्या होत्या. शेवटी त्यांना स्ट्रासबुर्ग, बाझल असं फिरवून पाठवलं. पोचले, पण दिवस गेला. तुमच्या तारखा मे महिन्यातल्या आहेत. असेन्शनचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार हे ख्रिस्ती सणांचे सुट्टीचे दिवस बहुतेक वर्षी मे महिन्यातच येतात. गुरुवारी सुट्टी आली की फ्रेंच आणि जर्मन माणूस शुक्रवारची रजा टाकून चार दिवस बाहेर पडतो, आपण दिवाळीला जोडून टाकतो तशी. कॅलेंडर काढून हे दोन दिवस आधी लाल करून ठेवा आणि त्यांच्या आजूबाजूला लांबचा प्रवास टाळा.

हिशोब करू. अ‍ॅमस्टरडॅम तूर्त बाजूला ठेवतो, का ते पुढे सांगतो. मग लांबचे प्रवास उरतात चार: पॅरिस ते स्वित्झर्लंडमधला इंटरलाकेनचा भाग, तिथून व्हेनिस, व्हेनिस ते व्हिएन्ना, व्हिएन्ना ते प्राग. म्हणजे चार दिवसांचा पास. दुसऱ्या वर्गाचा मोठ्या माणसाचा साधारण २८५ युरो धरा. सासूबाईंना साठीवरची सवलत आहे, १० टक्के. मुलगी फुकट. तिघांचे मिळून सव्वाआठशे. त्यावर फ्रान्स आणि इटलीची आरक्षणं चौघांची पावणेदोनशेच्या घरात. एकूण हजार युरो.

हेच चार प्रवास तुम्ही अडीच-तीन महिने आधी, बदलता न येणाऱ्या स्वस्त तिकिटांवर केले तर? मोठ्या माणसाला सगळे मिळून दोनशेच्या आत-बाहेर. मुलीचं धरून चौघांचे साडेसहाशे ते सातशे. आणि तेच शेवटच्या आठवड्यात काढलीत तर? माणशी सव्वाचारशे-साडेचारशे, चौघांचे दीड हजाराच्या आसपास. आकडे ढोबळ आहेत, तुमच्या नेमक्या तारखांना थोडे इकडेतिकडे होतील, पण क्रम बदलणार नाही. लवकर काढलेली तिकिटं सर्वांत स्वस्त, उशिरा काढलेली सर्वांत महाग, आणि पास मधोमध. पासची किंमत निघायच्या दिवशीही तीच राहते. त्याचा खरा फायदा तोच.

म्हणजे लवकर तिकिटं काढावीत, झालं. फ्रेंच किंवा अमेरिकन माणसासाठी एवढं उत्तर पुरतं. आपल्या पासपोर्टवर पुरत नाही, कारण मधे व्हिसा बसलाय. स्वस्त तिकीट परत होत नाही. ते व्हिसाआधी काढलं आणि व्हिसा नाकारला किंवा लांबला, तर पैसे बुडाले. व्हिसा येईपर्यंत थांबलात आणि तो निघण्याच्या तीन आठवडे आधी आला, तर स्वस्त तिकिटं संपलेली. माझ्याकडे येणारी निम्मी मंडळी याच खिंडीत सापडलेली असतात.

यातून बाहेर पडायची वाट अगदी साधी आहे, फक्त कंटाळवाणी. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, चौकशी लागली तर ४५ दिवसांपर्यंत जातो. आपल्याकडे लोक मार्चमध्ये अपॉइंटमेंट शोधायला बसतात, मे महिन्याला जाणारे सगळेच तेव्हा शोधत असतात, आणि मग एप्रिल उजाडतो. तुम्ही डिसेंबर-जानेवारीतच अर्ज करा. हॉटेलं रद्द करता येतील अशी घ्या. तेवढ्यावर रोजचा आराखडा तयार होतो. फी मोठ्यांना ९० युरो, मुलीला ४५, शिवाय सेवा केंद्राचे वेगळे पैसे. विमा किमान ३०,००० युरोंचा. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत शिक्का पडला तर पासचा विचार सोडा आणि त्याच आठवड्यात चारही तिकिटं काढा. बहुतेक गाड्यांची विक्री तीन ते सहा महिने आधी खुली होते. शिक्का एप्रिलअखेर आला तर मात्र पास घ्या. आणि सेलची काळजी नको. सेल वर्षातून अनेकदा येतो. शिवाय नेहमीच्या किमतीचा, चालू न केलेला पास काही रक्कम कापून परत करता येतो. सेलमधल्या पासला ही सोय असेलच असं नाही, अट वाचल्याशिवाय बोट लावू नका.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, यावरून गोंधळ होतो. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, तो देश. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तो. तुमच्या आराखड्यात पॅरिस ४ आणि स्वित्झर्लंड ४ असं आहे. मी पॅरिस ३ आणि स्वित्झर्लंड ५ करीन. मग वादच नाही, अर्ज स्वित्झर्लंडकडे, आणि मनाने मराठी माणूस तिथेच जास्त रमतो. तुमचे सगळे देश शेंगेनमध्ये आहेत. पण कुणी ‘तेवढं लंडन करून घ्या’ म्हणालं तर लक्षात ठेवा: पास ब्रिटनमध्ये चालतो, व्हिसा चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि परत युरोपात शिरायला शेंगेन व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो.

आता अ‍ॅमस्टरडॅम. ट्युलिपची ती प्रसिद्ध बाग, कोकेनहोफ, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात उघडते आणि साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यात बंद होते. तुम्ही युरोपात उतराल तोवर फाटक बंद आणि शेतातली फुलं खुडलेली. दरवर्षी मे अखेरीला बाग बघायला निघालेली मंडळी भेटतात आणि दरवर्षी मला हे सांगताना वाईट वाटतं. प्रागहून अ‍ॅमस्टरडॅम म्हणजे दिवसभराचा प्रवास. पासष्टीकडे झुकलेल्या बाईंना बर्लिनला गाडी बदलून इतकं लांब न्यायचं कारणच उरत नाही. अ‍ॅमस्टरडॅम सोडा, प्रागहूनच परत फिरा. रात्री अशा: पॅरिस ३, स्वित्झर्लंड ५, व्हेनिस २, व्हिएन्ना ३, प्राग २.

पॅरिसहून स्वित्झर्लंडमधल्या बाझलला थेट टीजीव्ही आहे, तीन तासांची. स्वस्त तिकीट मिळालं तर तीच घ्या. पासवर जाणार असाल आणि तिच्यात जागा नसेल तर पॅरिस ईस्ट स्टेशनवरून स्ट्रासबुर्गची टीजीव्ही धरा, पावणेदोन तास, आणि तिथून बाझलला साधी प्रादेशिक गाडी, सव्वा तास, आरक्षणाशिवाय. मधे स्ट्रासबुर्गचं कॅथेड्रल बघून होतं, सामान स्टेशनवर लॉकरमध्ये.

स्वित्झर्लंडमध्ये मुक्काम इंटरलाकेनला न करता श्पीट्सला करा, असा माझा हट्ट असतो. कारण शुद्ध रेल्वेचं आहे. बाझलहून इंटरलाकेनला जाणाऱ्या आणि इटलीकडे जाणाऱ्या गाड्या श्पीट्सलाच वेगळ्या होतात. येताना कधीकधी एक बदल वाचतो, जाताना एक. स्टेशन उंचावर आहे, बाहेर पडल्याबरोबर खाली थुनचं तळं आणि किल्ला दिसतो. बॅगा घेऊन उतरताना मात्र तोच उतार नडतो, तेव्हा स्टेशनजवळचं घर शोधा. मधल्या चार दिवसांसाठी युरेलचे दिवस खर्चू नका. तिथे स्विस ट्रॅव्हल पास घ्या, चार दिवसांचा. त्यात गाड्या, तळ्यांतल्या बोटी, शहरांतल्या बस-ट्राम, बरीच संग्रहालयं आणि रिगीचा डोंगर सगळं येतं, आणि आईवडिलांबरोबर मुलगी फॅमिली कार्डावर फुकट. सासूबाईंना त्यात वयाची सवलत नाही. युंगफ्राउयोख या बर्फातल्या रेल्वे स्टेशनपर्यंतचं (३,४५४ मीटर उंच) भाडं कुठल्याच पासमध्ये पूर्ण येत नाही, फक्त सवलत मिळते. ते तिकीट आधी काढूच नका. सकाळी उठून वरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघा, ढग असतील तर त्या दिवशी बोटीत बसा. आणि सासूबाईंना दम लागत असेल तर डॉक्टरांना विचारूनच वर न्या.

श्पीट्सहून मिलान आणि पुढे व्हेनिस. सीमा ओलांडणाऱ्या गाडीला आरक्षण लागतं, मिलान-व्हेनिस फ्रेच्चारोसालाही. मिलान-व्हेनिस मार्गावर इतालो नावाच्या लाल गाड्याही दिसतील. ती खासगी कंपनी आहे, तिच्यात युरेल चालत नाही. फ्रान्समधल्या विगो गाड्यांतही तो चालत नाही. व्हेनिसला स्टेशनं दोन. मेस्त्रे जमिनीवरचं, सांता लुचिया पाण्याकाठचं. मेस्त्रेला हॉटेल स्वस्त मिळतं म्हणून लोक तिथे राहतात आणि रोज ये-जा करतात. तुम्ही सांता लुचियाच्या आसपास, पूल चढावा लागणार नाही अशा बाजूला राहा. व्हेनिसच्या पुलांना पायऱ्या असतात आणि चाकांच्या बॅगेचा तिथे उपयोग नाही.

व्हेनिस-व्हिएन्ना रात्रीच्या गाडीने गेलं तर हॉटेलची एक रात्र वाचते, असं सगळे सांगतात. मी तुम्हाला दिवसाचीच गाडी सांगेन. वाचलेल्या रात्रीचं भाडं बर्थच्या आकारात जातंच, शिवाय व्हिएन्नाच्या अलीकडे जो घाट लागतो तो झोपेत घालवण्यासारखा नाही. झेमरिंगचा घाट, कार्ल फॉन गेगा या अभियंत्याने बांधलेला, १८५४ साली खुला झालेला. आपला बोरघाट १८६३चा, म्हणजे हा नऊ वर्षांनी थोरला. चढही सारख्याच जातकुळीचा, इकडे सदतिसात एक, तिकडे चाळिसात एक. खंडाळ्याला खिडकीशी नाक लावून बसणाऱ्यांनी इथेही बसावं. १९९८ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे.

व्हिएन्ना-प्राग चार तास, आरक्षण नाही, काही विचार करण्यासारखं नाही. जेवणाच्या डब्यात जरूर बसा, चेक रेल्वेचं स्वयंपाकघर खरोखर रांधतं. प्रागला एक दिवस मोकळा मिळाला तर ड्रेस्डेनला जाऊन या. जाताना उजवीकडच्या खिडकीला बसा, एल्ब नदी त्याच बाजूला राहते.

पास घेतलातच तर अ‍ॅपबद्दल तीन-चार गोष्टी. पास विकत घेणं, तो चालू करणं आणि प्रवासाचा दिवस खर्च करणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. खरेदीपासून ११ महिन्यांत चालू करायचा. मग ज्या गाडीत बसणार ती अ‍ॅपमध्ये शोधून पासमध्ये जोडायची, की तो दिवस खर्ची पडतो आणि टीसीला दाखवायचा कोड तयार होतो. हे गाडीत चढण्याआधी करायचं. टीसी दिसल्यावर घाईघाईने करणं म्हणजे विनातिकीट. उलट आदल्या रात्री सहज म्हणून जोडून ठेवलं आणि सकाळी बेत बदलला, तर दिवस सुरू झाल्यानंतर तो परत मिळत नाही. आदल्या मध्यरात्रीपर्यंतच रद्द करता येतो. फोनला दर तीन दिवसांतून एकदा तरी इंटरनेट दाखवावं लागतं. चौघांचे पास एका फोनवर राहतात, पण मग चौघांनी एकत्रच फिरायचं. पासवरचं नाव पासपोर्टसारखं अक्षर न् अक्षर असू द्या, टीसी पासपोर्ट मागतो. आणि पॉवर बँक न्या. मेलेला फोन म्हणजे नसलेला पास.

फलाटावर गाडीचं नाव बघून चढू नका, डब्यावरची पाटी बघा. तिकडे गाड्या वाटेत दुभंगतात. काही वर्षांपूर्वी मी बर्लिनहून कोलोनला निघालो, मागच्या अर्ध्या गाडीत जागा दिसली म्हणून बसलो आणि पुस्तक उघडलं. हाम नावाच्या स्टेशनवर गाडीचे दोन तुकडे झाले. पुढचा कोलोनला गेला, मी ड्युसेलडॉर्फला. घोषणा झाली होती, मीच ऐकली नव्हती. पास होता म्हणून पुढच्या गाडीत बसून आलो. नेमक्या गाडीचं स्वस्त तिकीट असतं तर नवं काढावं लागलं असतं.

गाडी बदलायची असेल तिथे मधे पुरेसा वेळ सोडा. स्वित्झर्लंडमध्ये सहा मिनिटांत गाडी बदलता येते, कारण तिथलं वेळापत्रकच तसं बांधलंय. जर्मनीत तो भरवसा ठेवू नका. २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साधारण ६२ टक्केच वेळेवर धावल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत. तुमच्या वाटेत जर्मनी नाही हे एका अर्थी बरंच. सामान माणशी एक बॅग, आणि ती स्वतःला उचलता आली पाहिजे. हमाल नसतात आणि लिफ्ट कधी फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला असते.

भावाचं एक. तो जर्मनीत राहतो, त्यामुळे त्याला युरेल मिळणार नाही, पासपोर्ट भारतीय असला तरी. हा भेद राहण्याच्या जागेवरून ठरतो. त्याने युरोपात राहणाऱ्यांसाठीचा इंटररेल पास घ्यायचा. गाड्या त्याच, नियमही बहुतेक तेच, फक्त स्वतःच्या देशात तो पास बाहेर पडायला एकदा आणि परत यायला एकदा एवढाच चालतो. पण दोन-तीन दिवसांसाठी व्हिएन्नाला येणार असेल तर त्याला कुठल्याच पासची गरज नाही. म्युनिकहून साधं तिकीट काढून चार तासांत पोचेल.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण मे महिना आहे आणि भावासाठी काय न्यायचं ते मला दिसतंय. हापूसची पेटी नेऊ नका. युरोपीय संघात प्रवाशाने आंबा नेण्यासाठी वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. कढीपत्त्याचंही तसंच. दुधाचे पदार्थ तर बंदच, म्हणजे पेढे, खवा, पनीर घरीच. दशम्या पाण्यातल्या करा, चिवडा, मेतकूट आणि लसणाची चटणी न्या. डबा उघडाल तेव्हा चटणी तेवढी आजूबाजूला कुणी नसताना.